डावा हात रिकामा

आधी वजन सांगतो : अडीचशे किलो.
कलंडली तर उचलायला
शेजारच्या फौंड्रीतली दोन पोरं लागतात,
आणि ती हसतात, ते वजन वेगळं.

क्लच नाही. पायात गिअर नाही.
उजव्या अंगठ्याशी बटण : एन, मग डी.
मूठ पिळली की निघाली.

"म्हशीएवढी स्कूटी घेतलीस की रं,"
गंगावेशीत दुधाचा ग्लास खाली ठेवून
अण्णासो मगदूम म्हणाला, मिशी पुसत.
त्याची बुलेट वळणावर असतानाच
कट्ट्यावरची माणसं सरकून जागा करतात.
माझी आली ते कुणाला कळलंच नाही.
कोल्हापुरात न कळता येणं
हा गाडीचा पहिला दोष धरा.

दुसरा, बॅटरी. उतरली की उतरली.
टेंबलाईच्या उतारावर सोडा, चार जण लावा,
ढकलून सुरू होणारी जात नाही ही.

इलाही मिस्त्रीनं झाकण काढलं,
बराच वेळ आत बघितलं, झाकण लावलं.
"मामा, क्लच नाही कोण म्हणतं? दोन आहेत आत.
तिचे ती वापरते."
पैसे घेतले नाहीत. मला ते लागलं.

वाघबिळाच्या उताराला
दुसऱ्यात असावं असं माझं मत,
तिचं मत चौथ्यात.
शालन मागून खांदा घट्ट धरते,
तिचं मत त्या पकडीत.

गुण? सांगतो की.
संध्याकाळी साडेसहाला दाभोळकर कॉर्नर,
एसटी आडवी, रिक्षा तिरकी,
सगळ्यांचे डावे हात दाबा-सोडा, दाबा-सोडा,
आणि माझा मांडीवर, निवांत,
जेवण झालेल्या पाहुण्यासारखा.

तो हात तुम्ही नीट बघितला नसेल.
मधली तीन बोटं प्रेसला गेली,
सत्त्याण्णव साली, उद्यमनगरात, रात्रपाळीला.
वॉशरची ऑर्डर होती, घाईची.
ऑर्डर वेळेत गेली.

अंगठा आणि करंगळी उरली.
त्यात कप धरता येतो, पिशवी धरता येते,
क्लच नाही धरता येत.

मग सव्वीस वर्षं मागं बसलो.
भावाच्या, भाच्याच्या, शेवटी पोराच्या.
मागं बसणाऱ्याला रस्ता दिसत नसतो,
पुढच्याची मान दिसते.
पोराच्या मानेवरचा तीळ
मी असा तोंडपाठ केला.

साधी स्कूटी घ्यायची होती की, म्हणाल.
शालनही म्हणाली, दोनदा, हिशेबाची वही उघडून.
मला टाकी हवी होती, दोन गुडघ्यांत धरायला.
याला कारण नाही. वहीत मांडता आलं नाही.

एक अजून सांगायचं राहिलं.
सिग्नलला थांबताना
नसलेली तीन बोटं
नसलेला क्लच दाबतात.
रोज. अगदी वेळेवर.
गाडी ब्रेकनं थांबते, मला माहीत आहे,
तरी त्यांना सांगवत नाही.

परवा कट्टा पांगल्यावर अण्णासो जवळ आला,
इकडं तिकडं बघत, "एक चक्कर देतोस?"
मी चावी दिली.
रंकाळ्याच्या बाजूला गेला, लाल दिवा लांब गेला,
मग पुढचा दिवा परत येताना दिसला,
वेग कमी झाला, आणि बघतो तर
त्याचा डावा हात हवेत
दाबतोय, सोडतोय, दाबतोय,
अख्खी पाच बोटं घेऊन.

उतरला. स्टँड सापडेना, मी लावून दिला.
"हाताला कामच नाही लेका," म्हणाला.
ही तक्रार होती की काय, त्यालाही सांगता येईना.

दुधाचे पैसे त्यानं दिले.